सोळा फुटी स्ट्रिप कनूचं किट: साचे अव्वल, पट्ट्या चोख, माहितीपत्रक काठावर पास

किट घ्यावं की नुसता नकाशा विकत घेऊन पट्ट्या स्वतः कापाव्यात, यावर स्ट्रिप कनू, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या कडेला कड चिकटवून केलेली वल्ह्याची उघडी होडी, बांधणाऱ्यांत कायम दोन तट असतात. मी किट घेतलं. दोघांनी वल्हवायची, सोळा फुटांची कनू. ती बांधून, वॉर्निश मारून, पाण्यात उतरवून झाली आहे, म्हणून आता लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशी किटं विकणारे बरेच आहेत आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळ्यांना लावून बघता येईल.

मी नोकरीभर यंत्रांची ड्रॉइंगं काढली. त्यामुळे खोकी उघडल्यावर भाचा लाकूड हुंगत बसला आणि मी साच्यांवर, म्हणजे ज्यांच्यावर पट्ट्या वाकवून होडीला आकार देतात त्या आडव्या फळ्यांवर, मोजपट्टी ठेवली. साचे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापलेले, एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळीचे. प्रत्येकावर मध्यरेषा आणि पाणरेषा कोरलेल्या, आणि कोरलेल्या म्हणजे खरंच कोरलेल्या, छापलेल्या नव्हेत. किटचे पैसे माझ्या मते इथेच वसूल होतात. कागदी नकाशा हवेतल्या दमटपणाने ताणला जातो, त्यावरून साचा गिरवताना पेन्सिलीची जाडी मिळते, करवत आणखी थोडं खाते, आणि मग प्रत्येक साचा आपापल्या मर्जीने एखादा मिलिमीटर जाडा-बारीक होतो. साचे एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर उभे राहतात. एक जरी बाहेर आला तरी पट्टी त्यावरून उसळी घेते आणि तो फुगवटा चकचकीत वॉर्निशखाली जन्मभर दिसतो. आम्ही दोरा ताणून सगळ्या मध्यरेषा तपासल्या, एकही हलवावी लागली नाही. साच्यांच्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर होडी साच्यांनाच चिकटेल, हे मात्र पत्रकात पट्ट्या सुरू झाल्यानंतरच्या पानावर येतं. आधी सगळं वाचून काढायची सवय असणाऱ्यांना त्याने काही बिघडत नाही.

साचे ज्या लांब तुळईवर बसतात, ती स्ट्राँगबॅक, किटमध्ये नाही. ती आपली आपण करायची. ती पिळलेली असली तर वरचे सगळे अचूक साचे पिळलेलीच होडी देतील, तेव्हा हे काम किरकोळ समजू नका.

आता पट्ट्या. वेस्टर्न रेड सीडर, ६ मिलिमीटर जाड, १९ रुंद, एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला खोबण. गाठी जवळजवळ नाहीत, रेषा सरळ. या कडा घरी राउटरवर (लाकडाच्या कडा कोरणाऱ्या यंत्रावर) पाडता येतात, पण सोळा-सतरा फुटांची लवलवती पट्टी टेबलावरून एकसारख्या दाबाने ढकलायला दोन्ही बाजूंना माणसं आणि भरपूर मोकळी जागा लागते. गोलाई खोबणीत बसली की होडीच्या वळणावर पट्टी थोडी कलली तरी फट पडत नाही, दरवेळी रंध्याने कड तिरकी करत बसावं लागत नाही. हिशोब करताना एक ध्यानात ठेवा: १९ मधले सुमारे ३ मिलिमीटर खोबणीत जातात, पट्टी झाकते १६च. भाच्याने १९ने भागून पट्ट्या मोजल्या आणि "मावशी, यांनी जास्तीच्या पाठवल्यात" म्हणून तो खूश झाला होता.

खोबण वर ठेवायची, म्हणजे सुतारी गोंद तिच्यात थांबतो. पण खोबणीच्या दोन्ही कडा अतिशय नाजूक असतात. शिकंजा थेट लावला तर त्या चुरतात. तिथे गोलाई असलेला पट्टीचाच वीतभर तुकडा बसवून त्यावर दाब द्यायचा. पत्रकात हे चित्रासकट आहे आणि चित्र चांगलं आहे.

पट्ट्या पूर्ण लांबीच्या येत नाहीत, वाहतुकीला झेपत नाहीत. टोकं तिरकी कापलेले तुकडे येतात, ते जोडून लांब करायचे. तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब, पीळ देतानाही उघडला नाही. रंग मात्र कंपनीने जुळवून दिलेले नाहीत. एकाच गठ्ठ्यात मधाच्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत सगळं. मला वाटलं तसं मी सगळ्या पट्ट्या जमिनीवर पसरून डावी-उजवीच्या जोड्या लावल्या. कुणाला सरमिसळच आवडेल.

स्टेपल मारायचे की नाही, हा या छंदातला धर्मयुद्धाचा विषय. पत्रक स्टेपलच्या बाजूचं आहे. वेग मिळतो हे खरं, पण प्रत्येक साच्याच्या रेषेवर भोकांची रांग राहते. आम्ही शिकंजे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या. वेळ खूपच जास्त लागला, भोकं नाहीत. पाण्याला त्याने काही फरक पडत नाही, मला पडतो.

पट्ट्या लागल्या की लोकांना वाटतं होडी झाली. जाहिरातीतले फोटोही साधारण तिथेच थांबतात. खरं म्हणजे तेव्हा कुठे निम्मं काम होतं, आणि किट वाचवतं ते पहिल्या निम्म्यातलं. घासणं आहे तेवढंच राहतं. रेड सीडर मऊ, वाळलेला गोंद कडक. सरसकट सँडपेपर फिरवला की गोंदाचे ओघळ उंच राहतात आणि शेजारचं लाकूड खोल जातं. ओघळ रबरासारखे असतानाच खरवडून काढायचे, मग लहान रंधा, मग लांब फळीवर लावलेला ८० नंबरचा पेपर. रात्री दिवा होडीच्या अंगाला टेकवून आडवा धरला की प्रत्येक खळगा सावली टाकतो. आतली बाजू अंतर्वक्र, तिथे रंधा चालत नाही, गोल धारेचं खरवडणंच लागतं, आणि ते किटमध्ये नाही. रेड सीडरच्या भुशाने दमा होऊ शकतो, हे सुतारांना माहीत असतं, नवख्यांना नसतं. मास्कचा उल्लेख पत्रकात एकदाच आणि तोही इपॉक्सीसंदर्भात, म्हणजे रेझीन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून होणाऱ्या, वाळून कडक होणाऱ्या चिकट मिश्रणासंदर्भात आहे.

आता माझी खरी तक्रार. या होडीला आतून फासळ्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या पीटरबरो भागात सीडरच्या पट्ट्यांच्या कनू बनत, त्यांना फासळ्या असत. १९५० नंतर मिनेसोटातल्या शर्यतीच्या होड्या बांधणाऱ्यांनी पट्ट्या कडेला कड चिकटवून वर फायबरग्लास चढवायची पद्धत रुळवली. तेव्हापासून ताकद येते ती दोन बाजूंच्या काचेच्या कापडातून, मधलं लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून लांब ठेवतं. म्हणजे होडी होडी होते ती कापड आणि इपॉक्सीच्या टप्प्यात. आणि नेमक्या त्या टप्प्याला पत्रकाने दीड पान दिलंय. खुर्ची बसवायला तीन!

त्या दीड पानात लिहिलंय, रेझीन आणि हार्डनर २:१. आकारमानाने की वजनाने? लिहिलेलं नाही. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते, त्यामुळे आकारमानाचं प्रमाण काट्यावर चालत नाही. सोबतच्या पंपांवरून कळतं की आकारमानाने, पण पंपाला हवा धरली की माणूस साहजिकच काट्याकडे वळतो. प्रमाण चुकलेलं इपॉक्सी चिकटच राहतं, ते खरवडून काढण्याइतकं घाणेरडं काम दुसरं नाही.

हवामानाबद्दल अवाक्षर नाही. लाकूड तापत असताना त्यातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढत वर येते. म्हणून तापमान उतरतीला लागल्यावर, म्हणजे दुपार कलल्यावर, पहिला थर द्यायचा. मिश्रण खोल भांड्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने उकळल्यासारखं होऊन घट्ट होतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं की वेळ मिळतो. कापडातून जादा रेझीन रबरी पट्टीने ओढून काढायचं, वीण दिसत राहिली पाहिजे. चमकणारा ओला भाग म्हणजे कापड तरंगतंय. वाळल्यावर काही हार्डनरांमुळे मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुवायचा, मग घासायचं. उलट केलं तर मेण पेपरने आत रगडलं जातं. मला हे दुसरीकडून माहीत होतं. किटवर भरवसा ठेवून बसलेल्या माणसाला कुठून कळणार?

काचेचं कापड सहा औंसी (चौरस यार्डाला सहा औंस वजनाचं), चांगल्या विणीचं. पण ते घडी घालून पाठवलं होतं. काचेच्या कापडाला घडी म्हणजे शिक्षा: मोड पडतो तिथे तंतू दुखावतात आणि भिजल्यावरही पांढुरकी रेघ राहू शकते. एक दिवस होडीवर पसरून ठेवलं, बरेच मोड गेले, नाळेजवळ एक रेघ राहिलीच. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून पाठवायला असा काय त्रास आहे?

काठाच्या ॲश लाकडाच्या पट्ट्या उत्तम, वाकवताना एकही तडकली नाही. वेताच्या खुर्च्या ठीक. वॉर्निश किटमध्ये येत नाही. घेताना अतिनील किरण अडवणारंच घ्या, कारण इपॉक्सी उन्हात टिकत नाही. कंपनी वजन २५ किलो सांगते, आमची २७ भरली. तळाला बाहेरून कापडाचा एक जादा थर आम्ही मुद्दाम दिला होता, तेव्हा आकडा प्रामाणिक म्हणायला हरकत नाही.

याच कंपनीचं कयाकचं किटही आहे, भाच्याला आता ते हवंय. पट्ट्यांचा अनुभव नसेल तर मी ते सुचवणार नाही. कयाकचा तळ आणि वरचा डेक वेगवेगळे बांधून नंतर जोडावे लागतात, आणि जोडावर आतून काचेची पट्टी चिकटवायला होडीच्या निमुळत्या टोकापर्यंत काठीला बांधलेला ब्रश घालावा लागतो, तोही न दिसता. ज्यांना फक्त लवकर पाण्यात उतरायचंय त्यांनी प्लायवूडचे भाग तारेने शिवून चिकटवायचं किट घ्यावं, काम निम्म्याहून कमी. भाच्याला मी सांगितलंय की साचे मी तपासून देईन, इपॉक्सीही कालवून देईन. ब्रशची काठी त्याने धरायची, त्याचे हात लांब आहेत.