सत्तरीत लिव्हर बदलायचं? लेकीचं, यादीतलं, की औषधांवरच राहायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सत्तरीच्या माणसाला सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) निघाला की घरात आधी वयावरच चर्चा होते. पण नुसत्या वयावर आता कुणी नाही म्हणत नाही. ब्रेनडेड दात्याचं लिव्हर मिळण्याच्या यादीत नाव घालायची 65 वर्षांची अट केंद्राने 2023 मध्ये काढली, रहिवासाची अट घालू नका असंही राज्यांना कळवलं. म्हणजे बेंगळुरूसारखा पुण्याचाही विचार करता येतो. फोन आला की काही तासांत पोचावं लागतं, त्यामुळे निपाणीकरांना पुणंच बरं. अडचण एकच: यादीत जास्त आजारी माणूस आधी, आणि थांबण्यात सत्तरीची तब्येत खालावते.

घरातला दाता असला तर तारीख ठरवून, पेशंट चालता-फिरता असताना ऑपरेशन होतं. मात्र दात्याचं जवळजवळ साठ टक्के लिव्हर काढतात. ते दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं, तरी हजारी एक ते पाच दाते दगावतात, हे घरात मोकळेपणी बोललं जात नाही. सून तयार झाली तर अवयवदान तपासणाऱ्या समितीची परवानगी लागते, कायद्याने ती जवळच्या नात्यात नाही. लहान मुलं पदरात असलेल्या लेकीला यात ओढायला माझं मन धजत नाही. चाळिशीतला धडधाकट मुलगा स्वतःहून म्हणाला तर गोष्ट वेगळी.

नीट पारखून घेतलेल्या सत्तरीच्या पेशंटचं पहिलं वर्ष साठीवाल्यांसारखंच जातं. तफावत पुढच्या वर्षांत पडते, तीही बहुधा हृदय, कॅन्सर नाहीतर इन्फेक्शनमुळे. शरीराने लिव्हर नाकारण्याचं प्रमाण म्हाताऱ्यांत उलट कमी. म्हणून वयाच्या दाखल्यापेक्षा हृदयाची तपासणी आणि पायातली ताकद बघा. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावतात. तिथेच आबा धापा टाकू लागले तर घाई नको.

मेल्ड स्कोअर (रक्ताच्या तपासण्यांवरून लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा आकडा) 15 च्या खाली असेल, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ नसेल, तर औषधं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीने बँड आणि दारू कायमची बंद, एवढ्यावर बराच काळ निघतो. पोटात वरचेवर पाणी भरतंय, शुद्ध हरपतेय, तर मात्र औषधांवर किती दिवस काढणार?

नाव नोंदवण्याआधी एक चौकशी कराच. ऑपरेशननंतर टॅक्रोलिमसची (शरीराने लिव्हर नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) पातळी सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन बघतात, सुरुवातीला वरचेवर. ते रक्त बेळगावात देऊन रिपोर्ट वेळेत मिळणार असेल तर पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात.