समोरचा दात तुटला: कंपोझिट की व्हिनिअर?

ऊस सोलताना भाच्याच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला आणि साखरपुडा महिन्यावर. जळगावला दाखवलं, तर पर्याय दोन.

कंपोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं मऊ रेझिन. डॉक्टर ते थराथराने लावून निळ्या प्रकाशाने कडक करतात. बहुतेकदा एका बैठकीत काम, दात फारसा घासावा लागत नाही, खर्चही कमी. मुख्य खोट, आणि खान्देशात तर मोठीच: ते डाग धरतं. शेवभाजीची तर्री, चहा, तंबाखू... ५-७ वर्षांत डागडुजी आलीच.

व्हिनिअर हा लॅबमध्ये बनवलेला पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा. चमक अस्सल, डाग फारसा धरत नाही, जपलं तर १०-१५ वर्षं टिकतो. पण त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, घासतात. ते पुन्हा येत नाही.

एका कोपऱ्यासाठी चांगला दात घासणं मला काही पटलं नाही. कंपोझिटच केलं. दात पांढरे करायचे होते, म्हणून ब्लीचिंग आधी आणि मग दोन आठवडे थांबलो; भरलेला भाग ब्लीचिंगने उजळत नाही.

आरसा दिला, तर पठ्ठ्या जिभेनेच चाचपत बसला. “मामा, कोपरा कुठला होता?”