लेखन केंद्राचे सात महिने आणि फॉर्मवरची ती एक ओळ

जानेवारीत माझ्या विभागाचं पत्र आलं नसतं, तर नेरूळच्या या लेखन केंद्राचा, म्हणजे विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करणाऱ्या जागेचा, विषय मी चार ओळी लिहून संपवला असता. पत्र असं: लघुप्रबंधात एआयचं प्रमाण ३८ टक्के आहे, ते १० टक्क्यांच्या आत आणून पुन्हा सादर करा. त्या रात्री झोप लागली नाही. दिवाळे कोळीवाड्यातल्या मासे विकणाऱ्या चौदा बायकांच्या मुलाखती मी घेतल्या होत्या, रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून वहीत उतरवल्या होत्या. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने उपाय सांगितला, 'टक्के खाली आणून देतो, पानाला ६० रुपये.' ६४ पानांचे ३,८४० झाले. तेवढे पैसे हातात नव्हते, म्हणून पत्र घेऊन केंद्रात गेले. खरं कारण हेच.

सुरुवातीला केंद्राबद्दल माझं मत वाईटच होतं. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने नेरूळ, एवढं करून मिळणार ४५ मिनिटं. आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी ऐकवलं, 'ताई, आम्ही इंग्रजी दुरुस्त करून देत नाही, तुम्हाला करायला लावतो.' मग सत्राचे ५०० रुपये कशाचे? मोबाइलवरचं एआय तेच काम फुकटात करत होतं. मुलाखती मी मराठीत टाकायचे आणि इंग्रजी घ्यायचे.

ऑक्टोबरात हे मत फिरलं. तिथल्या सरांनी एआयचा अनुवाद मला मोठ्याने वाचायला लावला, शेजारी मूळ मराठी ठेवून. एक मावशी म्हणाली होती, 'येक वाटा शंभरला दिला.' अनुवादात होतं 'शेअर'. सरांनी विचारलं, 'ताई, हा शेअर कुठल्या धंद्यातला?' माझ्या पोटात गोळा आला. वाटा म्हणजे फळीवर मांडलेला माशांचा ढीग, दर बुधवारी मी स्वतः घेते. पण ते इंग्रजी वाचून मी पुढच्या पानावर लिहून बसले होते की होडीच्या उत्पन्नात बायकांची भागीदारी आहे! त्या बायका जे बोलल्याच नव्हत्या ते मी त्यांच्या तोंडी घातलं होतं. तेव्हापासून अनुवादाचं प्रत्येक वाक्य मूळ बोलण्याशेजारी वाचते, आणि वाटा, पाटी, म्हावरं हे शब्द इंग्रजीतही तसेच ठेवते. ते ५०० रुपये तिथेच वसूल झाले.

आता पत्राकडे. एआयचा मजकूर ओळखणाऱ्या यंत्राने एआयचं म्हणून रंगवलं होतं ते संशोधन पद्धतीचं प्रकरण, म्हणजे मी शब्दन् शब्द स्वतः इंग्रजीत लिहिलेलं. एआयने अनुवाद केलेल्या मुलाखती मात्र सुटल्या होत्या. मी मराठी माध्यमातली, माझं इंग्रजी छोट्या, साध्या वाक्यांचं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात ओळख-यंत्रांना दिले, तर सरासरी ६० टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले. सरांनी हे विभागाला लेखी कळवलं. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, हेही कळवलं. सगळ्यात महत्त्वाचं, १० टक्के हा आकडा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांतला आहे. तो दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याचा आहे. साम्य दाखवताना मूळ मजकूर शेजारी ठेवता येतो. एआयच्या टक्क्याला असं शेजारी ठेवायला काही नसतं, तो यंत्राचा अंदाज. दोन्हींना एकच मर्यादा लावणं चूकच.

सोबत पाच महिन्यांची व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाइलमध्ये कधी काय बदललं त्याची नोंद, आणि वह्यांचे फोटो जोडले. तीन आठवड्यांनी विभागाने वीस मिनिटं तोंडी प्रश्न विचारले आणि लघुप्रबंध स्वीकारला.

एवढं करणाऱ्या केंद्राचा फॉर्म मात्र बदलत नाही, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. प्रत्येक भेटीआधी भरायचा: 'एआय वापरलं का? होय / नाही.' संपलं. 'होय' म्हटलं की मार्गदर्शक मॅडमना वाटतं लिहूनच घेतलं. 'नाही' म्हटलं तर ते खोटं. कशासाठी वापरलं, कुठल्या पानांवर, मूळ कुठल्या भाषेत होतं, याला जागाच नाही. माइक पर्किन्स, लिऑन फर्झ आणि सहकाऱ्यांच्या एआय असेसमेंट स्केलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या कामात एआय किती चालेल ते सांगणाऱ्या मोजपट्टीत, अजिबात नाही इथपासून पूर्ण मुभा इथपर्यंत पाच पायऱ्या आहेत. आमच्याकडे दोन चौकोन. मराठीत विचार करून इंग्रजीत सादर करणाऱ्या मुलांनी कुठे खूण करायची? तीनदा अर्ज दिला. चौकोनाबाहेर लिहू नका, एवढंच उत्तर आलं.

जाणार असाल तर वेळ सोमवारी सकाळी दहालाच धरा, दुपारपर्यंत आठवडा भरतो. मूळ मराठीची वही न्याच. फॉर्मवर मी गेल्या गुरुवारीही 'होय'वर खूण केली आणि शेजारी पेनाने लिहिलं: मुलाखतींचा अनुवाद, पाने २१ ते ३९, मूळ मराठी सोबत जोडलं आहे.