मोटरहोमचा धूर, मागची जीप आणि टायरचे सेन्सर: हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतर

टायरचा दाब दाखवणारे सेन्सर घ्यायला लावले ते सायलेन्सरने. आमच्या मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, डिझेल इंजिन मागे, धुराची नळी मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि तिच्या अगदी रेषेत, मागे ओढल्या जाणाऱ्या रँग्लर जीपचं डावं पुढचं चाक. या इंजिनाच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आहे. तो भरला की काजळी जाळून टाकतो आणि तेव्हा आतलं तापमान १,००० अंश फॅरनहाइटच्या वर जातं. नळीच्या टोकाला बाहेरची हवा मिसळायची सोय असते, तरी टायरची धाकधूक होतीच. अमेरिकेत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे ती १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना, म्हणजे मोटरहोम सुटलं. जीपच्या यंत्रणेचा दिवा लागला तरी तो जीपमध्येच लागणार. मागे टायर बसला तर पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे दहा सेन्सर घेतले, सहा मोटरहोमला, चार जीपला. सोबतचा, सिग्नल पुढे पोचवणारा बूस्टर वगळू नका. त्याच्याशिवाय जीपचे आकडे मधूनच गायब होत.

आय-४० महामार्गावरून पश्चिमेला जाताना जीपच्या डाव्या पुढच्या चाकाचा दाब कायम उजव्यापेक्षा चढा. चोर सापडला असं वाटलं. पण पश्चिमेला तोंड केलं की दिवसभराचं दक्षिणेचं ऊनही डावीकडूनच येतं. मोटरहोमचं डावं पुढचं चाक बघा, तिथे धूर पोचायचा प्रश्नच नाही, तरी तेही चढलेलं! परतताना ऊन उजवीकडे आलं आणि चढे आकडे उजव्या बाजूला गेले. फक्त ॲरिझोनात किंगमनहून फ्लॅगस्टाफकडे, जवळजवळ ७,००० फुटांपर्यंत नेणाऱ्या चढावर, जीपचं डावं चाक सावलीत असूनही उन्हातल्या उजव्याच्या थोडं पुढे गेलं. इंजिनावर भार, वेग कमी, धूर पांगवायला वारा कमी. पळत्या गाडीत धुराचा मला दिसलेला वाटा एवढाच, एखाद-दोन पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप).

उभ्या गाडीचं मात्र वेगळं. इंजिन चालू ठेवून फिल्टर साफ होऊ दिला तर गरम झोत एकाच जागी बसतो. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तेव्हा टायरची नळीकडची बाजू हात ठेववणार नाही इतकी तापलेली होती आणि सेन्सरच्या पडद्यावर त्याच चाकाचं तापमान अगदी सभ्य! कारण हा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकावर, बाहेरच्या हवेत बसतो. रबराचा ताप त्याला कळत नाही. तापमानाच्या रकान्याकडे मी आता ढुंकूनही बघत नाही. दाब बघतो, तोही जोडीच्या चाकाशी ताडून. ३६ पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंश फॅरनहाइटला दाब साधारण १ ने वाढतो, मोटरहोमच्या १०० पीएसआयच्या टायरमध्ये २ च्या वर. उभ्याने फिल्टर साफ करायचा असेल तर आधी जीप सोडून लांब लावतो, आणि नळीखाली वाळलेलं गवत नाही ना ते बघतो.

पैसे वसूल झाले ते भलत्याच ठिकाणी. एकदा जीपची चारही चाकं एकदम चढायला लागली, पुढची जास्त. थांबून पाहिलं तर ओढताना जीपचं ब्रेक पेडल दाबणाऱ्या उपकरणाचा दांडा पुरता मागे येत नव्हता, ब्रेक घासत चालले होते. धुराच्या भीतीने घेतलेल्या वस्तूने ब्रेक वाचवले म्हणायचे.

तक्रारी आहेत. पडदा उन्हात वाचता येत नाही. थंडीच्या पहाटे दाब उतरतो आणि यंत्र उगाच पिपाणी वाजवतं. रबरी व्हॉल्व्हवर हे वजन फिरू देऊ नका, आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या.

जीप ओढत असाल तर सेन्सर घ्याच. धुरावर उपाय म्हणून नळीचं टोक खाली वळवणारे तुकडेही मिळतात. पण फिल्टरवाल्या डिझेलला ते लावताना टोकाजवळची हवेची फट बुजणार नाही हे बघा. धूर थंड होतो तो त्या फटीमुळेच.