अर्जातला ‘मैत्रीण’ हा पर्याय : किशोरवयीन मुलींच्या एका आधारगटाविषयी

मैत्रीण गमावलेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींसाठी एक स्वयंसेवी संस्था आठ आठवड्यांचा आधारगट चालवते. माझी १५ वर्षांची मुलगी त्याच्या आठही बैठकांना जाऊन आली. तिची जिवाभावाची मैत्रीण अपघातात गेली, त्याला गट सुरू झाला तेव्हा अडीच महिने झाले होते. बैठकीतले बोलणे बाहेर सांगायचे नाही, असा गटाचा नियम आहे. म्हणून हा अभिप्राय आधी मुलीला वाचायला दिला आणि तिने ‘चालेल’ म्हटले तेवढेच इथे ठेवले आहे.

सुरुवात नोंदणीच्या अर्जापासून करते, कारण माझ्या दृष्टीने या सेवेचे मोल तिथेच कळले. याआधी आम्ही दुसऱ्या एका समुपदेशकांकडे गेलो होतो. त्यांच्या अर्जात ‘मृत व्यक्तीशी नाते’ या रकान्यात आई, वडील, भावंड, आजी-आजोबा आणि शेवटी ‘इतर’ असे पर्याय होते. मुलीने ‘इतर’वर खूण केली आणि त्यानंतर त्या खोलीत ती एक शब्दही बोलली नाही. या संस्थेच्या अर्जात ‘मैत्रीण’ हा स्वतंत्र पर्याय होता आणि त्याखाली ‘तिला तू काय म्हणून हाक मारायचीस?’ असा प्रश्न होता. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये, समाज ज्या शोकाचा हक्कच मान्य करत नाही, अशा शोकाची संकल्पना मांडली. मैत्रिणीसाठी रडणारी मुलगी त्यात नेमकी बसते. भेटायला आलेले लोक ‘नात्यातली होती का?’ असे विचारतात, नव्हती म्हटले की विषय बदलतात आणि आठवडाभराने ‘आता अभ्यासात मन घाल’ असे सांगतात. मीही ते सांगितले होते, हे इथे लिहिलेच पाहिजे. एका बाकावर बसून, एकमेकींच्या वह्या वापरून जिच्यासोबत रोजचा दिवस जायचा आणि असे दुःख एरवी जिच्याकडे घेऊन जायचे, तीच गेलेली असते, हे मला गटातल्या पालकांच्या बैठकीत पहिल्यांदा नीट उमगले.

प्रत्येक बैठक दीड तासाची. गटात सात मुली आणि दोन समुपदेशक, ज्यांना मुली ताई म्हणतात. बोलणे साधारण अर्धा तास, तेही बोलायचेच अशी सक्ती नाही. मग सगळ्या उठून हाताने काहीतरी करतात किंवा आवारात फेरी मारतात आणि शेवटी पुन्हा थोडा वेळ गोल करून बसतात. पहिल्यांदा मला हे तुकडे विचित्र वाटले. मुली मोकळ्या होत आहेत तर त्यांना बोलू द्यावे, मधेच का उठवावे? ताईंनी कारण सांगितले ते पटले. जवळच्या मैत्रिणींनी एकाच दुःखाचा पुन्हा पुन्हा काथ्याकूट केल्याने मैत्री घट्ट होते, पण मन अधिक खचतही जाते, असे अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या अभ्यासातून दाखवले होते आणि मुलींमध्ये ही सवय अधिक आढळली होती. आमच्या घरातही तेच चालले होते: वर्गातल्या तिघीजणी रोज रात्री फोनवर शेवटच्या दिवसाचा एकेक तास उगाळत बसत आणि सकाळी कोणीच शाळेला जाण्याच्या अवस्थेत नसे. शोकात माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने वळत राहतो, दोन्ही लागतात, असे श्ट्रोबे आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले आहे. बैठकीची रचना त्यावरच बेतलेली आहे. तिसऱ्या बैठकीत मुली कशावरून तरी खूप हसल्या. त्या दिवशी घरी येताना मुलगी जिन्यातच बसून रडली, कारण आपण हसलो हे तिला सहन होईना. पुढच्या वेळी ताईंनी तोच विषय काढला, तेव्हा सातही जणींना तसेच झाल्याचे कळले.

एक प्रसंग मुलीच्या परवानगीने लिहिते. मैत्रिणीने शेवटच्या आठवड्यात दिलेला केसांचा काळा रबर ती मनगटावर घालते, झोपतानाही काढत नाही. तो सैल पडत चालला आहे आणि आतली पांढरी लवचीक दोरी एका ठिकाणी दिसू लागली आहे. तो तुटेल, या भीतीने ती हात जपून हलवायची, आणि मला हे दिसूनही समजले नव्हते. गटात आठवणीची वस्तू आणायची होती तेव्हा तिने मनगट पुढे केले. ताईंनी अर्थ समजावला नाही की सांत्वनही केले नाही. गटातली सर्वांत लहान, १३ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘अंघोळीच्या वेळी काढून ठेव, पाण्याने लवकर सैल होतो.’ आता न्हाणीघराबाहेर त्या रबरासाठी एक छोटी वाटी ठेवली आहे. अडीच महिन्यांत इतक्या मोठ्या माणसांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी तिने मनापासून पाळलेला हा एकच.

चौथी बैठक फोनविषयी होती आणि ती प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारण १२० दिवस वापरले गेले नाही, तर ते आपोआप काढून टाकले जाते आणि त्या व्यक्तीचे नाव गटांमधूनही निघून जाते. मैत्रिणीचा फोन अपघातापासून बंद होता आणि त्या मुदतीला साधारण तीनच आठवडे उरले होते. ‘ती गटातून बाहेर पडली’ अशी ओळ एखाद्या सकाळी अवचित दिसली असती, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. ताईंनी ते आधी सांगितले, संभाषण जपून कसे ठेवायचे तेही दाखवले, आणि ती ओळ आली त्या दिवशी मुलगी रडली, पण हादरली नाही.

आता उणिवा. प्रतीक्षाकक्षात शोकाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मोठा तक्ता लावला आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी एकामागून एक चढायचा तो जिना नव्हे. तो तक्ता वाचून मुलीने मला विचारले, ‘आई, मला राग आलाच नाही, म्हणजे माझं काही चुकतंय का?’ मी संस्थेला सांगितले, तरी शेवटच्या बैठकीपर्यंत तक्ता तिथेच होता. पाचव्या बैठकीला एक ताई बदलल्या आणि मुलींना ते दारात पोहोचल्यावर कळले; कोणीतरी न सांगता नाहीसे होणे हे या मुलींच्या बाबतीत तरी घडू नये. पालकांसाठी एकच बैठक आहे, ती फार तोकडी पडते.

गट म्हणजे उपचार नव्हे, हे संस्था आधीच स्पष्ट करते आणि प्रवेशापूर्वी प्रत्येक मुलीशी स्वतंत्र बोलते. जिची मैत्रीण आत्महत्येने गेली आहे, तिच्यासाठी वेगळा गट असतो. ते योग्यच आहे. खाणे-झोपणे पार बिघडले असेल किंवा मुलगी जगण्यावरच प्रश्न करत असेल, तर गटाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत दीर्घकाळ लांबलेल्या तीव्र शोकाला विकार म्हटले आहे आणि त्यासाठी प्रौढांना किमान बारा महिन्यांची, तर मुलांना आणि किशोरांना सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. म्हणजे मुलांच्या बाबतीत ‘वर्ष जाऊ दे, मग बघू’ म्हणणे बरोबर नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार आठ या आकड्याविषयी आहे. मैत्रीण गेल्यानंतरचा तिचा पहिला वाढदिवस शेवटच्या बैठकीनंतर तीन आठवड्यांनी येत होता आणि त्या दिवसाची तयारी करायला गट उरला नव्हता. इतर मुलींच्याही अशाच तारखा पुढे होत्या. संस्थेने शेवटी अभिप्रायाचा अर्ज पाठवला. त्यातले बहुतेक रकाने मुलीने रिकामे ठेवले. ‘काय बदलावे असे वाटते?’ या ओळीवर तिने ‘नववी बैठक’ एवढेच लिहिले आणि पुढे मैत्रिणीच्या वाढदिवसाची तारीख घातली.