दूध संस्थेत संगणक आला त्याला अकरा महिने: सचिवाच्या खुर्चीतून

गेल्या वर्षी आषाढात आमच्या दूध संस्थेत स्वयंचलित संकलन यंत्रणा बसली. इलेक्ट्रॉनिक काटा, दुधाची फॅट वगैरे तपासणारा मिल्क अ‍ॅनालायझर, संगणक, पावतीचा छोटा प्रिंटर आणि हे सगळं जोडणारं सॉफ्टवेअर. खर्च 1 लाख 40 हजार, शिवाय दर वर्षाचे 9 हजार. कंपनीचं नाव घेत नाही, तक्रारीही सांगायच्या आहेत म्हणून. संस्था सोलापूर जिल्ह्यातली, सभासद 168, दोन्ही वेळचं मिळून साधारण 1,500 लिटर, जवळजवळ सगळं गाईचं.

खरं सांगायचं तर संस्थेचे निर्णय सुधारावेत वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. 2024 मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये सरकारी अनुदान आलं, तेव्हा प्रत्येक उत्पादकाचं आधार जोडलेलं बँक खातं आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर भरताना मी आणि माझा पुतण्या रात्र-रात्र जागलो होतो. त्या वैतागातून ही खरेदी झाली. दहा दिवसांचा पगार, म्हणजे सभासदांच्या दुधाचे पैसे, काढायला पूर्वी दोन दिवस लागत, आता तासाभरात निघतो. तेवढ्यावर मी खूश होतो.

पहिली ठिणगी काट्यावरून पडली. सॉफ्टवेअरमध्ये वजन 100 ग्रॅमच्या टप्प्याने धरायचं की 10 ग्रॅमच्या, अशी सेटिंग असते. जुन्या काट्यावर 4 किलो 270 ग्रॅम दूध आलं की वहीत 4 किलो 200 लागायचं. वरचे 70 ग्रॅम कुणाचे, हा प्रश्न गावात कधी कुणी विचारला नव्हता. मी सहज हिशेब केला. 168 सभासद, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 336 मापं. मापामागे सरासरी 45 ते 50 ग्रॅम सुटले तर रोजचं 15 ते 17 किलो दूध. आमच्या ताळेबंदात दर वर्षी दिमाखात दिसणारा, नोंदीपेक्षा जास्त निघालेल्या दुधाचा ‘वाढावा’ यातूनच येत होता, आणि त्याच्यावर आम्ही दिवाळीला स्टीलचे डबे वाटत होतो. सभासदांच्याच दुधाचे डबे, सभासदांनाच.

मीटिंगला हा कागद ठेवला तर एक संचालक म्हणाले, “भाऊसाहेब, हे तुम्ही काढायलाच नको होतं.” तीन बैठका झाल्या. शेवटी काटा 10 ग्रॅमवर आणला. वाढावा गेला, उलट थोडी घट दिसायला लागली, आणि त्या घटीने पुढचा मोठा शोध लावला.

तो असा. आमच्याकडे गोळा झालेल्या दुधाची सरासरी फॅट 3.9 आणि आमचं दूध घेणाऱ्या संघाच्या स्लिपवर 3.7. रोज नाही, मधूनच. आधी शंका टँकरवाल्यावर, मग संघाच्या लॅबवर, मग आमच्याच अ‍ॅनालायझरवर. कंपनीचा माणूस येऊन कॅलिब्रेशन करून गेला, फरक तसाच. सॉफ्टवेअरमध्ये ‘संकलन-विक्री तफावत’ नावाचा एक रिपोर्ट आहे. तो सहा आठवड्यांचा छापला आणि टेबलावर पसरून बसलो. तारखांना काही मेळ लागेना. शेजारी जनरेटरच्या डिझेलची वही पडली होती. सहज तारखा ताडून पाहिल्या आणि उडालोच. रात्री लाईट गेलेली असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी फॅट कमी लागत होती.

कारण साधं निघालं. बल्क कूलरमधलं, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीतलं, दूध ढवळणारा पंखा लाईट गेली की थांबतो. जनरेटर लावायचा तो शिफ्टवाल्या मुलाने, आणि तो बिचारा कॉम्प्रेसर चालू करून झोपायचा, ढवळणीचं बटण वेगळं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साय वर जमायची, टँकरवाला खालच्या तोटीतून नमुना घ्यायचा. आता नमुन्याआधी 10 मिनिटं पंखा फिरवल्याशिवाय तोटी उघडत नाही. फरक 0.05 च्या आत आला. म्हणजे अर्धं उत्तर संगणकात होतं आणि अर्धं डिझेलचे डाग पडलेल्या वहीत. ती वही मी अजून बंद केलेली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. गावात एक मावशी आहेत, एकच गाय, सकाळी पाच-सहा लिटर घालतात. थंडीत त्यांच्या दुधाचा एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, 8.5 वरून घसरत 8.1 ला आला. आमच्याकडे याला अजून ‘डिग्री लागत नाही’ असंच म्हणतात. अ‍ॅनालायझर पाण्याचं प्रमाणही दाखवतो, तिथे 4 टक्के आलं. रांगेतल्या लोकांनी स्क्रीन वाचली. मावशी काही बोलल्या नाहीत, किटली उचलून बाजूला उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी चेअरमन म्हणाले, दूध बंद करा, नाहीतर उद्या सगळेच नळाखाली किटली धरतील.

मी त्यांचा साठ दिवसांचा तक्ता काढला. 8.5 एसएनएफ आणि 4.0 फॅटच्या दुधात 5 टक्के पाणी घातलं तर एसएनएफ 8.1 च्या आसपास येईल हे खरं, पण फॅटही 3.8 वर यायला हवी. पाणी काही निवडून एकालाच पातळ करत नाही. मावशींची फॅट साठ दिवस 4.0 च्या आगेमागे जागच्या जागी होती. एसएनएफही एकदम पडला नव्हता, रोज थोडा-थोडा उतरत गेला होता. पाणी घालणारा माणूस इतका शिस्तशीर नसतो.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चारही सडांचं दूध वेगवेगळ्या खणात घेऊन त्यात कासदाहाच्या चाचणीचं द्रावण टाकलं. तीन खण तसेच, चौथ्यात दूध शेंबडासारखं घट्ट झालं. बाहेरून कास एकदम चांगली, ना सूज ना गाठ. आत दगडी, म्हणजे कासदाह, सुरू झाली होती. अ‍ॅनालायझर पाणी थेट मोजत नाही, बाकीच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो, हे मला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो आकडा बाहेरच्या स्क्रीनवरून काढून टाकला आहे, आणि कुणाचंही दूध एका दिवसाच्या पावतीवरून परत जात नाही, आधी मागचे पंधरा दिवस बघायचे असा ठराव आहे. या ठरावामुळे आणखी तीन गायी वेळेत सापडल्या. एक खरोखर पाणी घालणाराही सापडला. त्याचा तक्ता अगदी पुस्तकी, फॅट आणि एसएनएफ हातात हात घालून खाली.

पशुखाद्याचा साठाही आता मागच्या तीन पगारांच्या उचलीवरून मागवतो, पावसाळ्यात पोती पडून बुरशी धरायची ते थांबलं. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

तक्रारी मात्र आहेत. सपोर्टला फोन लावला की “सर, तिकीट रेझ केलंय,” आणि माणूस चौथ्या दिवशी. इकडे दूध दिवसातून दोनदा येतं. संघाचा नवा दरतक्ता रात्री आला तर सकाळपासून लागू करताना तारीख चुकली की अख्खं सत्र जुन्या दराने पडतं, आमचं एकदा पडलं. सर्वात वाईट म्हणजे बॅकअप त्याच संगणकात. मे महिन्यातल्या वळवात वीज पडली, हार्डडिस्क गेली, सहा दिवसांची नोंद गेली. सभासदांकडून पावत्या गोळा केल्या, तर ज्यांनी खिडकीत खोचून ठेवल्या होत्या त्यांच्यावरची अक्षरं उन्हाने उडालेली. त्यांना मागच्या पगाराच्या सरासरीने पैसे दिले. दोघे अजून रुसलेले आहेत.

आणि एक. आपलाच डेटा एक्सेलमध्ये काढून हवा असेल तर कंपनी वेगळे पैसे मागते. मावशींचा तक्ता मी स्क्रीन बघून हाताने आलेखाच्या कागदावर काढला होता. पुढच्या महिन्यात वार्षिक करार संपतोय. एक्सेल फुकट आणि बॅकअप संगणकाबाहेर, या दोन अटी लेखी मिळाल्याशिवाय 9 हजारांच्या चेकवर सही करायची नाही, असं चेअरमनना सांगून ठेवलंय. आलेखाचा तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, तोच त्यांना दाखवला.