नातवंडांना घेऊन भिलारला: एका बाइंडरचा अभिप्राय

चौतीस वर्षं मी कराडात पुस्तकबांधणी केली. सोसायट्यांच्या खातेवह्या, ग्रामपंचायतींची दप्तरं, वाचनालयांतून पोत्यात भरून आलेली फाटकी पुस्तकं. त्यामुळं पुस्तक हातात आलं की नाव नंतर वाचतो, आधी पाठ बघतो. शिवलंय की नुसतं चिकटवलंय, उघडल्यावर पानं सपाट बसतात की अंगावर येतात, हे बोटांनाच कळतं. पाचगणीजवळच्या भिलार या पुस्तकांच्या गावाबद्दल लिहितोय ते याच सवयीनं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून नातवंडं आली. नात अकरा वर्षांची, नातू आठ. दोन दिवस उन्हामुळं घरातच गेले. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तुम्ही सात-आठ वर्षं भिलार भिलार करताय, आता यांना घेऊन जाऊया की." दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

एसटीत आम्ही चौघं आणि चारही तिकिटं अर्धी. पोरं बाराच्या आतली, हिला महिला सन्मान योजनेची सवलत आणि मी पासष्टीच्या पुढचा. नातवाला याचं फार अप्रूप वाटलं. सगळी तिकिटं त्यानं मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. सातारा, वाई, मग पसरणीचा घाट. घाटात नातीला मळमळलं, आजीच्या पिशवीतलं लिंबू कामी आलं. पाचगणीला उतरून वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप, धरली. महाबळेश्वरच्या रस्त्याला थोडं पुढं गेलं की भिलार येतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे मुळात स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला राज्य सरकारनं इथं पुस्तकांचं गाव सुरू केलं. काम राज्य मराठी विकास संस्थेचं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली, पण तिथं जुनी पुस्तकं विकणारी दुकानं आहेत आणि इथं विक्री नाही, वाचन आहे. सुरुवातीला २५ जागा आणि १५ हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं होती. जागा म्हणजे लोकांची राहती घरं, लॉज, देऊळ, शाळा. एका घरात कविता, दुसऱ्यात चरित्रं, कुठं इतिहास, कुठं संतसाहित्य, कुठं बालसाहित्य. भिंतीवर विषयाला धरून चित्रं काढलेली असतात. चप्पल बाहेर काढायची, आत जायचं, कपाटातून पुस्तक घ्यायचं आणि बसायचं. पैसे लागत नाहीत.

हे सगळं मी पेपरात वाचलेलं होतं. पेपरात न कळलेली गोष्ट अशी की तिथं आपण वाचनालयात शिरत नाही, कुणाच्या तरी घरात शिरतो. बालसाहित्याचं कपाट असलेल्या घरात आम्ही गेलो तेव्हा घरातल्या मावशी तिथंच सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी नुसतं "या, बसा" म्हटलं आणि निवडणं चालू ठेवलं. माझा नातू शाळेच्या वाचनालयात कसा वागतो ते मला माहीत आहे, बाई बघतायत म्हणून पुस्तक हातात धरून बसतो. इथं पाच मिनिटांत तो फरशीवर पालथा पडला, कोपरं टेकली आणि वाचायला लागला. मध्येच मावशींना विचारतो, "अस्वलाला मध खरंच आवडतो का?" त्या म्हणाल्या, "आवडतो की रे, पण मधमाश्या कुठं देतात?" शांतता पाळा, असं कुणी म्हटलं नाही. मला तरी मुलांच्या वाचनाला अशीच जागा हवी वाटते.

नातीनं कपाटातून एक जाडसर गोष्टींचं पुस्तक काढलं. तिनं उघडलं तर मधली चार पानं शिवणीतून सुटून दोऱ्यावर लोंबत होती. ती घाबरली, "आबा, मी नाही फाडलं." मी हातात घेऊन बघितलं. फाडलेलं नव्हतंच, वाचून वाचून ढिलं झालं होतं. पानांचे कोपरे मऊ पडलेले, एका चित्रावर कुणाच्या तरी बोटाचा गुलाबी डाग, बहुतेक स्ट्रॉबेरीचा. माझ्या धंद्यात असं पुस्तक टेबलावर आलं की बरं वाटायचं. कोरं करकरीत पुस्तक कपाटात उभं असणं हीच खरी वाईट अवस्था.

मावशींना विचारलं, सुई-दोरा आहे का. दाभण नव्हतं, पण गोधडीची सुई होती आणि जाड पांढरा दोरा. नात शेजारी येऊन बसली. सुटलेल्या पानांची घडी नीट जुळवली, घडीवर तीन भोकं पाडली, एक मध्ये, एक वर, एक खाली. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात, तिथं गाठ मारायची. मग ती घडी शेजारच्या घडीच्या दोऱ्यात अडकवून घेतली. पंधरा मिनिटांचं काम. नातीनं विचारलं, "एवढंच असतं पुस्तक? दोऱ्यावर?" मावशींनी पुस्तक उघडझाप करून बघितलं आणि चहा टाकला.

मुक्काम आम्ही गावातच एका घरगुती ठिकाणी केला, तुम्हीही तसंच करा. पहिल्या दिवशी दुपारी मोठ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवलो. थाळी महाग आणि भाजी गार, पोरांनी निम्मं टाकलं. रात्री मुक्कामाच्या घरी पिठलं, भाकरी आणि ठेचा मिळाला, नातवानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. स्ट्रॉबेरीचा हंगाम संपत आला होता, फळ बारीक होतं पण गोड. संध्याकाळनंतर वडाप मिळणं कठीण, तेव्हा जाण्या-येण्याचं आधी ठरवून ठेवा. शनिवार-रविवारी गर्दी असते. सकाळी लवकर घरं हिंडावीत, तेव्हा मुलांना बसायला हवी ती जागा मिळते.

एकच अडचण, आणि ती नियमाची आहे. पुस्तक तिथंच वाचायचं, घरी न्यायचं नाही. नियम बरोबर आहे, नाहीतर कपाटं केव्हाच रिकामी झाली असती. पण नातीचं पुस्तक ८४व्या पानावर राहिलं आणि निघताना तिचे डोळे भरले. म्हणून सांगतो, मुलांना घेऊन जाणार असाल तर एका दिवसात उरकू नका. आणि राहिलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, पान लिहून घ्या. आम्ही ते तिकिटाच्या मागं लिहिलं.

परतताना वाईला उतरलो. ढोल्या गणपती, घाट, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या घाटावर मोठी पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आणि १७०७ हे साल. वसईच्या मोहिमेनंतर ती इकडं आली. नातवानं सालावर बोट फिरवून वजाबाकी केली. नातीला मी सांगितलं की मराठी विश्वकोशाचं काम याच वाईतून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला. ती म्हणाली, "एवढ्या लहान गावात?" तिला ही गोष्ट पटायला वेळ लागला, पण आवडली.

घरी आल्यावर उरलेली सुट्टी दोघांनी माझ्या जुन्या टेबलावर काढली. मैद्याची खळ आजीनं करून दिली. मैदा गार पाण्यात कालवून मग मंद आचेवर ढवळत राहायचं, थांबलं की गुठळी होते. खोक्याचे पुठ्ठे कापले, पाठीला जुन्या धोतराची पट्टी लावली. बांधलेली वही रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायची, हे नातवाला सहन होईना, दर तासाला पाटा उचलून बघायचा. त्याच्या वहीत एसटीची तिकिटं चिकटवली आहेत, एक सोडून. ते नातीकडं, मागं ८४ लिहिलेलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. शाळेच्या वाचनालयात ते पुस्तक नाही, पण बाईंनी मागवायचं कबूल केलंय. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा भिलारला जायचं ठरलंय. त्या मावशींच्या कपाटात आणखी तीन पुस्तकं ढिली झालेली मी बघून आलोय. दाभण, मेण लावलेला दोरा आणि कापडाच्या पट्ट्या आत्ताच पिशवीत भरून ठेवल्यात.